कावळ्याला दिलेला शब्द

९ जुलै २००२, मंगळवार. संध्याकाळ

आज मामाचा दहावा. रामकुंड. मामाला मुलगा नाही, एकटी मुलगी सायली, म्हणून पिंड मी दिला. शंभर ब्राह्मण तिथं एक भाचा, असं भटजी म्हणाले. ऐकून बरं वाटलं. डोक्याचा गोटा झालाय, वारा लागतो.

कावळा शिवेना. सगळे कावळे शेजारच्या पिंडावर. आमच्याकडं ढुंकून बघेनात. मग एकेक जण पुढं होऊन मामाची इच्छा ओळखायला लागला. शेजारचे सहादूकाका मामाच्या पिंडाला म्हणाले, रंगनाथ, सायलीचं लग्न थाटात करू. नाही. मामी म्हणाली, मी घर सोडून कुठं जाणार नाय. नाही. कोणीतरी तंबाखूची पुडी ठेवली. तरी नाही. भटजींना पुढचा दहावा होता, ते दर्भाचा कावळा करायला बसले. मला भूक लागलेली, त्याहून जास्त लघवीला लागलेली. तेवढ्यात मामीनं कोपरानं ढोसलं. म्हणाली, त्याचा जीव तुझ्यात अडकलाय. शेवटपर्यंत म्हणत होता, मयऱ्याचं रक्त तपासा. म्हण की.

म्हणालो. हात जोडून, मोठ्यानं. मामा, मी तपासणी करून घेतो.

वाक्य संपायच्या आत कावळा खाली.

सगळ्यांनी कावळ्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

ठराव: उद्या सकाळीच रक्त देऊन टाकायचं.

१० जुलै

गोटा केलेला माणूस लॅबमध्ये बसला की लोकांना वाटतं याच्या घरात मोठा रोग आहे. केस येऊ देत.

तसं बघितलं तर घाई नाही. मामाला साखर आहे हे त्याचा पाय काळा पडल्यावर कळलं. एस.टी.त कंडक्टर, जन्म उभ्यानं गेला. त्याला वाटलं बुटानं घासलं. आधी अंगठा गेला, मग गुडघ्यापर्यंत पाय, मग मामा. माझी आजी, म्हणजे त्याची आई, ती पण साखरेनंच. मामा म्हणायचा, साखर आपल्या घरात पाहुणी नाही, भाडेकरू हे. आईबाप वणीला, मी दहावीपासून इथं मामाकडं, म्हणून हे सगळं मलाच ऐकावं लागायचं.

पण मी पंचवीसचा. साखर म्हाताऱ्यांना होते. शिवाय मला गोड विशेष आवडत नाही. जिलबी सोडून.

१४ जुलै, रविवार

सकाळी टक टक. डोळे उघडले तर खिडकीच्या ग्रिलवर कावळा. चोचीनं ग्रिल बडवतोय. मामा तिकिटाचा पंच बसच्या दांड्यावर असाच बडवायचा. टक टक, पुढं सरका, मधे जागा हे.

चादर डोक्यावर घेतली. चादरीच्या आतही ऐकू येत होतं.

त्याचं एक पीस तिरकं आहे. रामकुंडावरच्याचं तसं होतं का? बघायला पाहिजे होतं. मी महत्त्वाच्या वेळी डोळे मिटतो, ही सवय मोडायची.

हिरामणला सांगितलं. हिरामण शाळेपासूनचा, आता रिक्षा चालवतो. तो म्हणाला, येड्या, नाशकात कावळे किती. मी म्हणालो, कावळे असतील. पण ग्रिल एकच.

२० जुलै, शनिवार. एकादशी

गेलो. हे लिहून ठेवतो, की गेलो.

उपाशीपोटी या असं लॅबच्या पाटीवर होतं, म्हणून मुद्दाम आषाढी एकादशी गाठली. उपवास आपोआप. मामीला सांगितलं नव्हतं, रिपोर्ट आणून एकदम हातात द्यायचा विचार होता. तिनं सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा गोड कीस केला होता. दोनदा घेतला.

लॅबमधल्या बाईनं विचारलं, उपाशी आहात ना. म्हणालो, कडक. तिला संशय आला, मग काय खाल्लं ते सांगावं लागलं. तिनं सुई परत ठेवली. मी तिला समजावून सांगितलं की यात धान्याचा एक कण नाही, मीठसुद्धा सैंधव आहे. ती म्हणाली, दादा, रक्ताला एकादशी कळत नाही. मागं बसलेले एक बाबा हसले. हसता हसता खोकले, पण हसले.

अशा वातावरणात रक्त देणं बरोबर नाही. रक्त शांत असलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात.

२७ जुलै

लॅबला निघालो होतो. कोपऱ्यावर हिरामण, त्याला देवळाली कॅम्पचं भाडं. म्हणाला, बस पुढं, गप्पा मारू. कॅम्पात एका फौजीचं कुटुंब उतरवलं, बाजारात भजी खाल्ली, येताना नाशिकरोड स्टेशनात शिरलो. कारण नव्हतं. प्लॅटफॉर्मवर ते दिव्यांचं वजनाचं मशीन आहे, चक्र फिरतं आणि खाली कार्ड पडतं.

इथंच आयडिया आली. मी शब्द तपासणीचा दिलाय. कशाची ते बोललो नव्हतो.

वजन बरंच कमी आलं. गेल्या वर्षी इथंच केलं होतं तेव्हा पँट घट्ट व्हायची, आता पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलंय. काही न करता हे साधलं. लोक जिमला जातात.

कार्डाच्या मागं भविष्य: आपके शुभचिंतक आपके निकट हैं.

मी मागं वळून बघितलं. हिरामण म्हणाला, काय झालं रे. म्हणालो, काही नाही. पूर्ण रस्ता रिक्षाच्या आरशात मागची सीट बघत आलो. सीट रिकामी होती, पण मधोमध दबलेली.

२८ जुलै

कार्ड ग्रिलमध्ये खोचून ठेवलं. कावळ्यानं चोचीत धरून नेलं. म्हणजे पोचलं. विषय संपला.

२९ जुलै

टक टक.

५ ऑगस्ट, सोमवार

मोरीत मुंग्या. काळ्या, रांगेनं.

मामी मोरीच्या उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. बादली हातात तशीच. म्हणाली, ह्याच्या वेळेलाबी अशाच आल्या होत्या. मला वाटलं गूळ सांडला. सगळे डबे हुडकले मी. मग तिनं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मी विषय बदलला. मुंग्यांचा खडू आणून रेघ मारली. त्या रेघेच्या कडेकडेनं गेल्या.

कावळ्याचं मी इतकं मनावर घेतलं नव्हतं. कावळा बाहेर असतो. मुंग्या आत आल्यात. मामा घरात आहे.

ठराव: दिवा लावून झोपायचं. आणि सोमवारी लॅब. हा नाही, पुढचा.

१३ ऑगस्ट

माठ सकाळी रिकामा. मामाच्या शेवटच्या उन्हाळ्यात असाच व्हायचा. सायली म्हणाली, आई, माठ गळतोय का. मामी म्हणाली, माठ नाय गळत.

खोटं कशाला, मीच पितो. उठतो, पितो, मोरीत जाऊन येतो, परत घसा कोरडा. पण यात एक मुद्दा आहे. एवढं पाणी पिऊन मला तहान असतेच, म्हणजे ते पाणी मला लागतच नाही. मधल्या मधे दुसरं कोणीतरी पितंय. हॉस्पिटलात शेवटी मामाला पाणी मोजून देत होते. ओठ चाटायचा. तहानलेला गेला तो.

आता मी पिताना अर्धा ग्लास त्याच्यासाठी म्हणून पितो. एवढं तर करू शकतो.

२६ ऑगस्ट. तिसरा श्रावणी सोमवार

पक्कं ठरवून, खरंच काही न खाता, लॅबकडं निघालो होतो. निमाणीच्या स्टँडवर गल्लीतली पोरं भेटली, त्र्यंबकला फेरीला चाललेली. म्हणाली, चल. बस समोर उभी, मी समोर उभा.

ब्रह्मगिरीची फेरी केली, अनवाणी. विचार केला, ही काय कमी तपासणी आहे? हृदय, फुप्फुस, गुडघे, सगळं एका दिवसात. पोरं सारखी पुढं जात होती आणि मी दर ओढ्याला पाणी प्यायला मागं. धुक्यात एकटा पडलो की मागून पावलं ऐकू यायची. एक पाऊल जड, एक हलकं. पाय कापल्यावर मामा कुबड्यांवर तसाच चालायचा. वळून बघितलं नाही. पळालो.

खाली येऊन चप्पल घालताना उजव्या अंगठ्याला रक्त दिसलं. कधी लागलं कळलंच नाही. देवाची कृपा, दुखत नाही.

६ सप्टेंबर

अंगठा अजून ओला. चपलेनं घासतोय. नवीन चप्पल घ्यावी.

मामीनं आज पकडलं. मी खाटेवर पाय सोडून पेपर वाचत होतो. ती खाली बसली, पाय हातात घेतला. अंगठ्याभोवती दाबलं, विचारलं दुखतं का. म्हणालो, अजिबात नाही, बरा होत आलाय. तिला आनंद व्हायला पाहिजे होता. तिचा चेहरा पिंडाच्या वेळी होता तसा झाला. म्हणाली, ह्याचाबी उजवाच. म्हणाली, आता म्हण, चपलेनं घासलं म्हणून.

मी तेच म्हणणार होतो. मग म्हणालो, नाही, काटा असेल.

तिनं पाणी उकळलं, हळद लावली, फडकं बांधलं. फडकं मामाच्या जुन्या खाकी शर्टाचं. दुसरं कापड घरात नव्हतं का? दिवसभर पायाला मामाचा हात धरल्यासारखं वाटतंय.

ठराव: गणपती बसले की तब्येतीला एकदम सुरुवात.

१५ सप्टेंबर, रविवार

आमच्या मंडळानं गणपतीसमोर मोफत तपासणी शिबिर ठेवलं. रक्त, बीपी, डोळे, सगळं. घरापासून वीस पावलांवर. देव धावतो म्हणतात ते हे.

पण मंडळाला माणसं कमी. मला स्वयंसेवकाचा बिल्ला दिला आणि माइक हातात. मग मी कसा लायनीत उभा राहणार? सकाळपासून बोललो. माता-भगिनींनो, आजार अंगावर काढू नका. साखर हा गोड शत्रू आहे. आज टाळाल तर उद्या पस्तावाल. लोक लांबून यायला लागले. गल्लीतल्या पुंजाआजी, वय विचारू नका, त्यासुद्धा काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, तुझ्या आवाजानं आले रे बाबा. पाणी भरपूर लागलं, पण माइकवर बोललं की लागतंच.

मामी लायनीत होती. तपासून झालं, तिला काही नाही निघालं. तरी गेली नाही. मंडपाच्या खांबाला टेकून उभी राहिली, मी कधी हात पुढं करतो ते बघत. शेवटी मी माइक ठेवला आणि गेलो. डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या पट्ट्या संपल्या, बीपी बघू का. म्हणालो, नको, मला रक्तच पाहिजे होतं.

अध्यक्ष म्हणाले, पट्ट्या संपल्या हे तुझंच यश. खरं आहे. मामी तोपर्यंत निघून गेली होती.

२४ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष लागलाय. 

दिवेलागणीला बाहेरून आलो. पुढच्या खोलीत मामाच्या खुर्चीत मामा. चेहरा धूसर, कडा पसरलेल्या, पण खांदे त्याचेच, खाकीच. मी दारातच. तोही हलला नाही. मी म्हणालो, मामा, या सोमवारी नक्की. मग सायलीनं लाइट लावली. खुर्चीच्या पाठीला मामाचा शर्ट वाळत टाकलेला.

सायली म्हणाली, दादा, तुला समोरचं दिसत नाही का? म्हणालो, दिसतं, जरा पुसट. हल्ली बसची पाटी पण पुसट दिसते. धूळ फार आहे शहरात. ती म्हणाली, पप्पांना पण पुसट दिसायचं. 

ती गेल्यावर शर्टाची घडी केली. शर्ट थोडा कोमट लागला.

३० सप्टेंबर, सोमवार

दिलं. रक्त दिलं.

कोणाला न सांगता, तोंडात पाण्याशिवाय काही न घालता गेलो. तीच बाई. म्हणाली, आज एकादशी नाही ना. मी मान वळवून भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसलो. टोचलेलं कळलं. बाटलीत रक्त बघितलं, काळपट, मला वाटलं होतं तसंच.

म्हणाली, रिपोर्ट संध्याकाळी.

बाहेर आलो तर अंग हलकं. शब्द पाळला. कारंज्याच्या चौकात उभं राहून जिलबी खाल्ली. संध्याकाळी लॅबवरूनच जायचं होतं, पण रिपोर्ट आणायला आत गेलो नाही, यामागं विचार आहे. मी रामकुंडावर काय म्हणालो? तपासणी करून घेतो. रिपोर्ट आणतो असं म्हणालो नाही. साक्षीला चाळीस माणसं होती. जास्तीचं कशाला करायचं.

२ ऑक्टोबर

कावळा आलाच. निरोप पोचायला वेळ लागत असेल. आज सुट्टी पण आहे.

६ ऑक्टोबर, रविवार. सर्वपित्री अमावस्या

आज मामीनं मामाचं पान ठेवलं. पहिल्या वर्षी ठेवत नाहीत, असं भटजींनी सांगितलं होतं. मामी म्हणाली, माझ्या गच्चीवर कोण बघायला येतंय. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी. सगळ्या पंचवटीच्या गच्च्यांवरून काव काव चाललेली, माणसांची. कावळे खाऊन खाऊन जड झालेले. आमच्या पानाकडं एक फिरकला नाही.

ऊन चढलं. मामी म्हणाली, आणि तो रोजचा मेला कुठं गेला?

मी विचारलं, कुठला रोजचा?

म्हणाली, तो तिरक्या पिसाचा. दहाव्यापासून रोज पहिली चतकोर पोळी मी तुझ्या खिडकीच्या ग्रिलवर ठेवते. तू घोरत असतो. ठेवायला उशीर झाला की बडवतो ग्रिल. लय लाडावलाय.

तीन महिने मी पोळीला घाबरत होतो.

मग ती पानाकडंच बघत म्हणाली, मयूर, त्यानं तुझ्यासाठी कावळा अडवला होता. केली का रे तपासणी? म्हणालो, केली, सोमवारीच. रिपोर्ट? म्हणालो, नॉर्मल.

एवढ्या पटकन तोंडातून गेलं.  तिनं पदरानं डोळे पुसले आणि हसली, मामा गेल्यापासून पहिल्यांदा. मला खिरीची वाटी दिली. खाल्ली. पान संध्याकाळी मांजरानं चाटलं.

कावळा मामा नव्हता. हे कळल्यावर बरं वाटायला पाहिजे होतं. खुर्चीत शर्ट होता. डोंगरात धुकं होतं. कोणीच माझ्या मागं नाही. मग रात्री पाणी कोण पितं? मोरीतल्या मुंग्या कोणाच्या?

हा विचार इथंच थांबवतो. उद्या घटस्थापना, शुभ दिवस. उद्या सकाळी जाऊन

९ ऑक्टोबर, बुधवार

काल गेलो नाही. परवाही नाही.

सायली कॉलेजातून येताना लॅबवरून आली. मुद्दाम नाही, लॅबवालीनंच हाक मारली, मामाच्या रिपोर्टांपासून ती सायलीला ओळखते. म्हणाली, तुझ्या भावाचा रिपोर्ट आठवडाभर पडलाय, त्याला आजच्या आज डॉक्टरकडं न्या. सायलीनं तो आईच्या हातात दिला. मामीला इंग्रजी वाचता येत नाही. आकडे येतात. मामाच्या वेळेपासून ते कुठं बघायचे हे पण येतं.

मी म्हणालो, मशीनची चूक असू शकते. म्हणालो, त्या दिवशी मी घाबरलेलो होतो, घाबरलं की वाढते. म्हणालो, मी तसाही उद्यापासून.

मामी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, मला परत रामकुंडावर उभं राहायचं नाय. आन उभं राहिले तर तिथं म्हणू काय? ह्याच्या वेळेला म्हणायला तू तरी होता.

हिरामण बाहेर रिक्षा लावून बसलाय. त्याला कोणी सांगितलं माहीत नाही. मामी पातळ बदलून आली, पिशवीत रिपोर्ट, मामाची जुनी फाइल. मला कोणी काही विचारलं नाही. मला मामाच्या खुर्चीत बसवलं, पाय वर घ्यायला लावला, अंगठ्याला नवीन फडकं बांधलं. खाकीच.

निघायच्या आधी चहा. माझा कप धुवायला पडला होता, म्हणून मामाचा दिला. मामीनं सवयीनं चमचा फिरवला, टक टक कडेवर झटकला आणि कप माझ्या हातात दिला. ढवळायला आत साखरच नव्हती.